एसजीओटी तीनशे अठ्ठ्याऐंशी

माझा एसजीओटी तीनशे अठ्ठ्याऐंशी आला, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता पथकातली माझी जागा गेली. लिव्हर गेलं की काय, हा विचार दुसरा. यावरून कुणाला मी वाया गेलेली बाई वाटले तर खुशाल वाटू दे. अठ्ठावन्नाव्या वर्षी कमरेला ढोल बांधून दोन तास वाजवून बघा, मग माझ्याशी बोला.

मी शैला. कर्वेनगरला राहते, मुलगा दिग्विजय आणि मी. बत्तीस वर्षं वेधशाळेत काढली, मग मुदतीआधीच निवृत्ती घेतली. पावसाचे आकडे घ्यायचे, तक्त्यात भरायचे, आलेख काढायचे. हे, म्हणजे माझे यजमान, जाऊन चार वर्षं झाली. लिव्हरचा आजार. जन्मात दारूचा थेंब न घेतलेला माणूस, पण साखर आणि पोटावरची चरबी यांनी आतल्या आत लिव्हर सुकवत नेलं आणि आम्हाला कळेपर्यंत फार उशीर झाला. त्यामुळे एसजीओटी आणि एसजीपीटी ही नावं आमच्या घरात सख्ख्या नातेवाइकांसारखी पाठ आहेत. लिव्हरच्या पेशी दुखावल्या की ही दोन द्रव्यं रक्तात सांडतात; साधारण चाळीसच्या आत असली की ठीक. रिपोर्ट आला की बाकीचं काही न बघता आम्ही या दोन ओळींवर बोट ठेवायचो.

हे गेल्यावर दिग्विजयनं मला जपायला घेतलं. जपणं म्हणजे काय, तर स्कूटर चालवू नकोस, जिना चढू नकोस, स्टुलावर उभी राहू नकोस. हिंजवडीला बसून तो दिवसातून तीनदा फोन करायचा आणि मी काय खाल्लं ते विचारायचा. पोरगा गुणी आहे, त्यात वाद नाही. पण मी काचेचं भांडं नाही, हे त्याला कोण सांगणार?

जूनच्या शेवटाला एका संध्याकाळी मी पुलावर उभी होते. खाली नदीपात्रात ढोल-ताशा पथकाचा सराव चालला होता. दरवर्षी आवाजाला नावं ठेवणाऱ्यांत मी पहिली, तशी तक्रारपत्रंही लिहिलेली आहेत. पण त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, माझा हात कठड्यावर ताल धरायला लागला. खाली उतरून गेले. पथकाची प्रमुख उत्कर्षा, जेमतेम सत्तावीस वर्षांची मुलगी. शिट्टी गळ्यात, आवाज असा की ढोलाची गरजच नाही. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, बघायला आलात की वाजवायला? बघायचं असेल तर पुलावरून छान दिसतं."

"वाजवायला," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते कसं गेलं ते मला अजून कळलेलं नाही.

पहिले पंधरा दिवस जुन्या टायरवर टिपरू, म्हणजे ढोलाची काठी, आपटायचं. पथकाची तशी रीतच आहे, नवख्याला ढोल मिळत नाही. मग एका गुरुवारी कमरेला पट्टा आवळून ढोल बांधला, उजव्या हातात टिपरू, डाव्या हातानं थाप, आणि साठ जणांबरोबर पहिला ठोका पडला. तो ठोका कानाला ऐकू येतच नाही. तो पोटात येतो, बरगड्यांत येतो, दातांत येतो. चार वर्षांत माझ्या आत एवढा आवाज झाला नव्हता. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि शेजारची कॉलेजातली मुलगी ओरडून सांगत होती, "ताई, कोपर वर!" पथकात काकू, आजी असं काही नसतं. सगळ्या ताई.

घरी मी सांगितलं, सदाशिव पेठेत गीतापठणाचा वर्ग लावलाय. गुरुवार ते रविवार, सहा ते साडेआठ. दिग्विजय खूश झाला. म्हणाला, "छान, बसून करायचं आहे ना?"

त्याच आठवड्यात माझा वाढदिवस आला. लोकांची मुलं आईला साडी देतात, आमचे चिरंजीव संपूर्ण शरीराची तपासणी देतात. ढोल बांधून चार दिवस झाले होते, सोमवारी सकाळी रक्त दिलं आणि संध्याकाळी रिपोर्ट दिग्विजयच्या फोनवर आला. एसजीओटी एकशे अठ्ठेचाळीस, एसजीपीटी बासष्ट.

तो घरी आला तेव्हा त्याचा चेहरा मी ओळखला. अगदी तोच चेहरा मी दवाखान्याच्या बाकांवर बघितला होता. मी म्हटलं, "अरे, होईल कमी." दुसऱ्या दिवशी त्यानं घरातलं तूप, पापड, लोणचं आणि माझा गुळवेलीचा काढा हे सगळं एका पिशवीत भरून कुठं नेलं ते मला आजवर कळलं नाही.

डॉ. दीक्षा मेश्राम यांचा दवाखाना सदाशिव पेठेत. मूळच्या भंडाऱ्याच्या, लिव्हरच्या तज्ज्ञ, वयानं माझ्या मुलापेक्षा थोड्या मोठ्या. त्यांनी नेमके प्रश्न विचारले. "काकू, दारू?" मी ज्या नजरेनं बघितलं, तिची नोंद त्यांनी 'नाही' अशी केली. "काही जडीबुटी, काढे?" काढ्याचं सांगितलं. "बंद करा. सगळ्यांनाच गुळवेल सोसते असं नाही. आणि व्यायाम? जिम, ट्रेकिंग, जड उचलणं?"

दिग्विजय शेजारीच बसला होता. मी म्हटलं, "छे हो. संध्याकाळी गीतेच्या वर्गाला बसते, तेवढंच."

एवढंच वाक्य. पुढचा सगळा गोंधळ त्या एका वाक्याचा.

दहा दिवसांनी पुन्हा तपासणी. काढा बंद, तूप बंद, उकडलेला दुधी चालू. एसजीओटी दोनशे छत्तीस! दुधी खाऊन वाढला! कावीळ बी नाही, सी नाही, सोनोग्राफी स्वच्छ, तरी आकडा चढलेला. शेजारच्या द्वारकाबाईंनी भुईआवळ्याचा रस आणून दिला. डॉक्टर म्हणाल्या, "तोही नको. आधी जे आहे ते कळू दे." तो मी मुकाट्यानं कुंडीत ओतला आणि द्वारकाबाईंना "फरक पडतोय" म्हणाले.

आता माझं काय चाललं होतं ते ऐका. मला वाटलं, झालं, ह्यांच्याच वाटेनं आपण निघालो. आणि घाबरून घरी बसण्याऐवजी मी ठरवलं, जायचंच असेल तर अनंत चतुर्दशीची मिरवणूक वाजवून जाईन! मी जास्त जोरात वाजवायला लागले. उत्कर्षानं मला तिसऱ्या रांगेतून पहिल्या रांगेत घेतलं. "ताई, तुमचा ठोका कधी चुकत नाही," ती म्हणाली. बत्तीस वर्षांत कुठल्या साहेबानं माझं एवढं कौतुक केलं नव्हतं. मी त्या दिवशी स्कूटरवरून घरी येताना मोठ्यांदा गात आले.

मग खडकवासला धरणातून पाणी सोडलं. नदीपात्रातला रस्ता पाण्याखाली, सराव आठवडाभर बंद. मी घरात चडफडत बसले. त्या आठवड्याच्या शेवटी तिसरा रिपोर्ट आला. एसजीओटी चव्वेचाळीस, एसजीपीटी अठ्ठावन्न. दिग्विजयनं मला उचलून गोल फिरवलं. उकडलेल्या दुधीचा विजय झाला. द्वारकाबाईंनी भुईआवळ्याचा विजय साजरा केला.

पाणी ओसरलं. बुडालेला सराव भरून काढायचा म्हणून उत्कर्षानं रोज तीन तास ठेवले, शनिवार-रविवार सकाळीही. आणि सोमवारी आला तो तीनशे अठ्ठ्याऐंशी. एसजीपीटी एकशे तीस.

डॉक्टर म्हणाल्या, "घाई करू नका, मला अजून थोडं बघू द्या." पण दिग्विजय ऐकेना. "माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही बघतच बसलो होतो," तो म्हणाला. बायोप्सी करा, म्हणजे सुईनं लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासा, असा त्यानं हट्टच धरला. गुरुवारची तारीख ठरली.

मंगळवारी सकाळी तो कामावर गेल्यावर मी टेबलाशी बसले. मन कातावलं होतं. वर्षानुवर्षांच्या सवयीनं रोजची वही समोर ओढली. माझी वही म्हणजे पाऊस किती, ऊन किती, आणि जूनपासून सराव किती तास. वेधशाळेतली बाई निवृत्त होते, तिची सवय होत नाही. पूर्वीचा आलेखाचा कागद कपाटात होता. मी एसजीओटीचे चार ठिपके काढले. मग हात आपोआप खाली गेला आणि तासांचे खांब काढायला लागला, पर्जन्यमानाचे काढायचे तसे.

पहिला खांब, वर ठिपका. दुसरा खांब उंच, ठिपका उंच. मग सपाट रिकामी जागा, पाण्याचा आठवडा, आणि ठिपका धपकन खाली. शेवटी सगळ्यांत उंच खांब, आणि त्याच्या डोक्यावर तीनशे अठ्ठ्याऐंशी.

मी खुर्चीतून उठले. पुन्हा बसले. पेन्सिलीनं पुन्हा तपासलं. अहो, हा लिव्हरचा आलेख नव्हता, हा सरावाचा आलेख होता! एसजीपीटी काढला, तर तोही तसाच, फक्त उतरताना जरा मागं रेंगाळलेला. पाऊस थांबला तरी नदी लगेच उतरत नाही, तसा. आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे लिहिले. पहिल्यांदा एक शोध माझ्या स्वतःच्या हाताखाली उमटला होता!

मी डॉक्टरांना फोन लावला. "डॉक्टर, एक विचारू? एसजीओटी लिव्हरखेरीज आणखी कुठं असतं का?"

"स्नायूंत असतं, काकू. का?"

"मी येतेय. आत्ता."

"अपॉइंटमेंट..."

"मी दारात बसून राहीन," मी म्हटलं आणि स्कूटर काढली.

दवाखान्यात मी आलेख टेबलावर पसरला. डॉक्टर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे खालचे खांब कसले?" मी उत्तराऐवजी दोन्ही तळवे पुढे केले. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी फोड, डावा तळवा लालबुंद आणि कडक, बोटांवर चिकटपट्टीचा काळा डाग. पहिल्या भेटीत लिव्हरच्या खुणांसाठी त्यांनी तळवे बघितले होते, तेव्हा हे फोड आले नव्हते, आणि नंतरच्या खेपेला मी हात पदराखाली ठेवले होते.

"ढोल," मी म्हटलं. "रोज तीन तास. दहा किलोचा."

डॉक्टर दीक्षांनी चष्मा काढला. "काकू, मी तुम्हाला पहिल्या दिवशी काय विचारलं होतं?"

"विचारलं होतंत."

"आणि तुम्ही मला गीता सांगितलीत."

मी खाली मान घातली. पण त्यांचे डोळे चमकत होते, तेही मला दिसत होतं. त्यांनी माझे चारही रिपोर्ट पुढ्यात ओढले. "हे बघा. सगळे या दोन ओळी वाचतात आणि घाबरतात. पेशी दुखावल्या एवढंच त्या सांगतात. कुणाच्या पेशी, ते सांगत नाहीत. लिव्हर काम करतंय का, हे या दुसऱ्या ओळी सांगतात. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठायचा वेळ. चारही वेळा एकदम चोख. जीजीटी, लिव्हर बिघडलं की बहुधा हाही हलतो. तुमचा ढिम्म. आणि तुमचा एसजीओटी एसजीपीटीच्या किती पुढं पळतोय बघा. स्नायू फाटले की असंच होतं. मला हे खटकत होतं हो, म्हणून तर मी थांबा म्हणत होते. पण गीतापठणानं स्नायू फाटल्याचं काही माझ्या वाचनात नव्हतं."

त्यांनी लगेच सीपीके नावाची तपासणी करायला लावली. ते द्रव्य मुख्यतः स्नायूंतलं, लिव्हरशी त्याचं काही देणंघेणं नाही. दीडशे-दोनशेच्या आत असायला हवं. दुपारी निकाल आला. नऊ हजार एकशे चाळीस.

"नऊ हजार!" मी जवळजवळ टाळी वाजवली.

"टाळ्या नकोत," डॉक्टर म्हणाल्या. "हा आकडा चांगला नाही. स्नायू फार फाटले तर त्यांचा गाळ किडनीत अडकतो. नशीब, तुमची किडनी ठणठणीत आहे. भरपूर पाणी प्यायचं. लघवी चहासारखी दिसली तर तडक इथं. दहा दिवस ढोलाला हात लावायचा नाही. दहा दिवसांनी सगळे आकडे खाली आले, तर तुमचा शोध खरा. नाही आले, तर मी पुन्हा लिव्हरच्या मागं लागणार. गुरुवारची सुई रद्द. पण का रद्द, ते मुलाला तुम्ही सांगायचं. मी नाही."

इथं माझा सगळा उत्साह गळाला. कारण माझं लिव्हर चांगलं आहे याचा पुरावा एकच होता, आणि तो म्हणजे मी दोन महिने बोललेलं खोटं. पुरावा दाखवायचा तर ढोल जाणार. दिग्विजय पट्टा बांधू देईल? छे. आणि नाही दाखवायचा, तर पोरगा तसाच जळत राहणार.

संध्याकाळी तो लवकर आला. ह्यांची जुनी फाईल घेऊन टेबलाशी बसला आणि माझे आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी मांडायला लागला. मी पाणी दिलं आणि समोर बसले.

"दिगू, गुरुवारी जायचं नाही."

"आई, प्लीज. यावर चर्चा नको."

"मी गीतेच्या वर्गाला जात नाही. मी ढोल वाजवते. पथकात, नदीपात्रात. पहिल्या रांगेत."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. तो उठून माझ्याजवळ आला, अगदी हळू आवाजात म्हणाला, "आई, हात समोर धर. असे. आज वार कोणता?"

मला क्षणभर कळेना. मग कळलं. शेवटच्या महिन्यात हे असंच काहीबाही बोलायचे. लिव्हर थकलं की विष डोक्यात चढतं, तेव्हा डॉक्टर असेच हात धरायला लावून वार विचारायचे. माझ्या पोराला वाटलं, आईचंही डोक्यापर्यंत पोचलं.

"मंगळवार," मी म्हटलं. "आणि माझं डोकं पूर्ण ठिकाणावर आहे. हे बघ."

मी आलेख उघडला, सीपीकेचा कागद ठेवला, तळवे ठेवले. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. तो ऐकत गेला. मी वाट बघत होते ओरडण्याची. तो ओरडला नाही. त्यानं ह्यांच्या फाईलचं पहिलं पान काढलं, अगदी तळातलं. दहा वर्षांपूर्वीचं. एसजीपीटी अठ्ठावन्न.

"हा रिपोर्ट मी वाचला होता," तो म्हणाला. "तू ऑफिसात होतीस. बाबांनी मला विचारलं, बघ रे, काय आहे? मी इंटरनेटवर बघितलं आणि म्हणालो, काही नाही बाबा, बॉर्डरलाइन आहे, एवढं सगळ्यांचंच असतं. त्यांनी कागद ठेवून दिला. सहा वर्षं, आई."

चार वर्षं मी समजत होते, हा मला म्हातारी समजून जपतोय. आणि हा एका कागदाची भरपाई करत होता. एकवीस वर्षांचा पोर होता तेव्हा. मी त्याचं डोकं छातीशी धरलं आणि म्हटलं, "तुला तेव्हा कळायला हवं होतं असं मला कधीच वाटलं नसतं. मला सांगितलं असतंस तर मीही तेच म्हणाले असते. आणि मी तुझ्याशी खोटं बोलले, ते माझं चुकलं. पुन्हा नाही बोलणार." त्यानं नाक ओढत आलेख जवळ घेतला आणि म्हणाला, "उभ्या अक्षाला युनिट लिहिलेलं नाहीस." वेधशाळेतल्या बाईला! मी लगेच लिहिलं.

"मग ढोल?" मी विचारलं.

"दहा दिवसांनी बोलू," तो म्हणाला. नाही म्हणाला नाही, एवढं मी नीट ऐकलं.

उत्कर्षाला फोन केला तर ती म्हणाली, "ताई, पहिली रांग ठेवता येणार नाही. नियम सगळ्यांना एकच. रिपोर्ट आणा, मग बघू." ते दहा दिवस मी कसे काढले! गणपती बसले, पथक पहिल्यांदा रस्त्यावर उतरलं आणि मी गॅलरीत बसून मांडीवर बोटं वाजवत होते, तर दिग्विजय आतून ओरडायचा, "आई, आराम म्हणजे आराम!" रोज तीन लिटर पाणी. रोज सकाळी तो विचारायचा, "रंग?" आणि मी ओरडून सांगायचे, "पाण्यासारखा!" सोसायटीत काय काय समज पसरले असतील, देव जाणे.

अकराव्या दिवशी रक्त दिलं. रिपोर्ट त्याच्या फोनवर येणार म्हणून त्यानं सुट्टी घेतली होती. आम्ही दोघं सोफ्यावर फोनकडे बघत बसलो, बारावीच्या निकालासारखे. बरोबर चार वाजता टिंग झालं. त्यानं उघडलं.

"बिलिरुबिन नॉर्मल," तो म्हणाला. "अल्ब्युमिन नॉर्मल. जीजीटी..."

"अरे, मुद्द्यावर ये ना!"

"एसजीपीटी एकोणचाळीस. सीपीके एकशे साठ." मग त्यानं माझ्याकडे बघितलं. "एसजीओटी सव्वीस."

मी किंचाळले. तोही किंचाळला. द्वारकाबाई धावत आल्या, त्यांना वाटलं कुणी तरी गेलं. "भुईआवळा!" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "हो, हो, भुईआवळाच!" आणि त्यांना गच्च मिठी मारली.

डॉक्टरांनी परवानगी दिली, पण मोजून. या वर्षी एकदाच, अर्धा तास, मधे पाणी. पुढच्या वर्षी पहिल्यापासून हळूहळू वाढवत. उत्कर्षा म्हणाली, "अर्धा तास? कुमठेकर रस्त्यावर घ्या मग. शेवटच्या रांगेत."

चतुर्दशीच्या दुपारी मी पांढऱ्या झब्ब्यात शेवटच्या रांगेत उभी राहिले. शेवटची तर शेवटची. ताशा कडाडला, उत्कर्षाचा हात वर गेला आणि साठ ढोलांचा पहिला ठोका रस्त्यावर पडला. वरच्या खिडक्यांतून माणसं ओणवी झालेली, गुलाल, घाम, आणि माझ्या बरगड्यांत तो आवाज! माझा ठोका चुकत नव्हता. एकही नाही. कडेला दोरीपलीकडे दिग्विजय चालत होता. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात फोन, त्यावर वेळ लावलेली.

मी वाजवत होते, पण मला तो दिसत होता. दर थोड्या वेळानं त्याची नजर फोनवर जायची, मग माझ्या हातांवर, मग पुन्हा फोनवर. मला माहीत होतं तो काय बघतोय. इतके ढोल वाजत होते आणि तो पोरगा मनात आकडे मोजत होता. माझ्या हातांनी अजून तासभर वाजवलं असतं. पण दहा वर्षं हे ओझं वाहणाऱ्या माणसाला आणखी किती वेळ उभं करायचं? चौक आला तसं मी टिपरू खाली केलं, रांग सोडली आणि दोरीपाशी गेले.

"झालं," मी म्हटलं. "सोड पट्टा."

त्यानं बाटली दिली. मी घटाघट पाणी प्यायले. त्यानं फोन बघितला, मला बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला चार वर्षांत दिसलं नव्हतं. त्यानं माझे खांदे धरून मला रांगेकडे वळवलं आणि ढोलांच्या वरताण ओरडला,

"अजून सात मिनिटं आहेत, आई! जा, वाजव!"